वाईट बातमी सांगणाऱ्या सिस्टरचंही कुणीतरी ऐकावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे, परिचारिका दिन जवळ आला की सत्काराची आमंत्रणं येऊ लागतात. सत्कार करणाऱ्यांचा पूर्ण मान ठेवून एक मागणी मांडते.

मी बेळगावातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, स्टाफ नर्स आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्याकडे खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचेही पेशंट यायचे. चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. पण सीमेवर आरटी-पीसीआरचा रिपोर्ट मागत, त्यामुळे पेशंटसोबत बहुतेक वेळा घरचं एकच माणूस असे. जी काही बातमी असेल ती त्या एकट्यानेच ऐकायची.

नाईटला असलेले बरेचसे डॉक्टर बाहेरगावचे, कन्नड बोलणारे. उपचारात त्यांनी कसर ठेवली नाही. पण मराठी नातेवाइकांना मृत्यू सांगायची वेळ आली की हाक यायची, “मराठी सिस्टरना बोलवा.” ज्या पेशंटला मी हातही लावला नव्हता, त्याचीही बातमी मीच सांगायची.

एका पहाटे चंदगडकडचा एक तरुण पेजेचा डबा घेऊन गेटवर उभा होता. “सिस्टर, बा उठलाय काय वो? एवढी पेज द्या त्याला.” त्याचा बा थोड्या वेळापूर्वीच गेला होता. पीपीई किट, मास्क, वर शील्ड. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता. मला ऐकू आलं नाही असं वाटून त्याने तेच पुन्हा मोठ्याने विचारलं. मग सांगितलं. तो खाली बसला आणि मी त्याच्या खांद्यावर हातही ठेवू शकले नाही. आत दुसरा पेशंट आला होता, ऑक्सिजन लावायचा होता. रडायला सवड नव्हती, ती पुढेही कधी मिळाली नाही.

साथरोग कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, आमच्यावर हात उचलणाऱ्याला कडक शिक्षा आली. ड्युटी करताना कोविडने मृत्यू आला तर ५० लाखांचं विमा संरक्षण मिळालं. दोन्ही हवंच होतं. पण जिने मार खाल्ला नाही, जी मेली नाही, रोज ड्युटी करून घरी गेली, तिच्या मनाचा विचार कुठे झाला? माझी एक मैत्रीण नोकरी सोडून गावी गेली. मला आजही बाजारात कुणी मोठ्याने “सिस्टर” म्हणून हाक मारली तर छातीत धस्स होतं.

साथ ओसरली तरी हायवेवरच्या अपघातांचे पेशंट येतच आहेत, आणि निरोप सांगायला अजूनही जिला मराठी येतं तिलाच पुढे करतात. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तो चांगलाच आहे. पण रात्रभर उभं राहिलेली बाई घरी जाऊन फोन लावेल ही अपेक्षा जास्त आहे. तिचं ऐकणारं माणूस रुग्णालयातच हवं.

म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांकडे मागणी आहे: कॅज्युअल्टीला मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा समुपदेशक नेमा. मृत्यूची बातमी देताना डॉक्टरांनी स्वतः सोबत उभं राहावं, नर्सला एकटीला पाठवू नये. ती कशी सांगावी याचं प्रशिक्षण नर्सिंगच्या मुलींना आधीच द्या. आणि ती सांगून आलेल्या सिस्टरला लगेच पुढच्या बेडकडे न पाठवता थोडा वेळ बसू द्या. त्यासाठी बदली नर्स लागेल, तेव्हा रिकाम्या जागाही भरा.

आपली,
एक स्टाफ नर्स, शहापूर, बेळगाव