काचबिंदू : रात्रीच्या दाबाची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोळ्यातला दाब मोजणाऱ्या ‘स्मार्ट’ कॉन्टॅक्ट लेन्सविषयी अलीकडे वरचेवर वाचायला मिळते. मात्र ही लेन्स कोणत्या रुग्णाची अडचण सोडवते आणि नेमके काय मोजते, हे बहुतेक बातम्यांत येत नाही. काचबिंदू (डोळ्यातल्या दाबाशी निगडित, हळूहळू नजर नेणारा आजार) झालेल्या आईची अनेक वर्षे देखभाल केलेली मुलगी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आईच्या डोळ्यातला दाब तपासणीत कायम १५-१६ भरायचा (हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, १० ते २१ हे साधारण प्रमाण मानले जाते). डोळ्यात पिवळा थेंब घालून ती यंत्रावर हनुवटी टेकवायची, निळ्या प्रकाशातले टोक बुबुळाला अलगद लागायचे आणि ‘प्रेशर छान आहे’ हे ऐकून आम्ही निर्धास्त घरी परतायचो. पण नजरेचा आवाका तपासणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावरचा, न दिसणारा भाग दाखवणारा काळा डाग दर खेपेस थोडा पसरलेला असे. या टेस्टमध्ये प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचे बटण ती घट्ट धरून बसायची, आणि मागे उभ्या असलेल्या मला बराच वेळ बटणाचा आवाजच ऐकू यायचा नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

आकडा खोटा नव्हता, पण तो दुपारी बाराचा होता. डोळ्यातला दाब दिवसभर बदलत राहतो आणि अनेकांच्या बाबतीत तो रात्री आडवे झाल्यावर चढतो. रात्री डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हे) तयार होण्याचे प्रमाण दिवसाच्या जवळपास निम्म्यावर येते, तरीही आडवे झाल्यामुळे शिरांमधला दाब वाढतो आणि डोळ्याचा दाब वर जातो. म्हणूनच पाण्याची निर्मिती कमी करणारे टिमोलोलसारखे थेंब रात्री फारसा परिणाम दाखवत नाहीत. आईचे नुकसान रात्रीच्या दाबानेच झाले, असा माझा दावा नाही. कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ असेल तर त्यामुळेही आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. पण आमच्यापाशी रात्रीची एकही नोंद नव्हती, ही गोष्ट मला आजही सलते.

ही उणीव लेन्सने काही अंशी भरून निघते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये मान्यता दिलेली ‘ट्रिगरफिश’ ही स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेली सिलिकॉनची लेन्स झोपेतही डोळ्यात राहते आणि २४ तास दर ५ मिनिटांनी ३० सेकंदांची नोंद घेते. दाब बदलला की कॉर्नियाची वक्रता किंचित बदलते. तो सूक्ष्म ताण लेन्समधला संवेदक टिपतो. डोळ्याभोवती चिकटवलेली अँटेना लेन्सला वीज पुरवते आणि तिच्याकडून माहिती घेते. ‘वायरलेस’ आहे तो एवढाच टप्पा, कारण अँटेनापासून अंगावर अडकवलेल्या नोंदयंत्रापर्यंत वायर असतेच.

मुख्य म्हणजे ही लेन्स पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आकडा देत नाही. ती मिळवते तो विद्युत संकेतांचा आलेख. दाब किती आहे हे त्यावरून कळत नाही, पण तो कोणत्या वेळी चढतो याचा अंदाज येतो. माझ्या मते डॉक्टरांना थेंबांची वेळ किंवा औषध बदलण्याचा विचार करायला एवढी माहितीसुद्धा मोलाची आहे. मात्र ‘लेन्स दाब मोजते’ असे मोघम छापले, तर रुग्ण नेहमीची तपासणी टाळतील, अशी भीती वाटते. लेन्समुळे डोळा लाल होणे, काही काळ अंधुक दिसणे असे त्रास होऊ शकतात, तेही सांगायला हवेत.

आपल्या दैनिकाने या विषयावर नेत्रतज्ज्ञांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. ज्यांचा आकडा चांगला येतो पण फील्ड टेस्ट बिघडत जाते, अशा रुग्णांच्या घरच्यांनी रात्रीच्या दाबाविषयी डॉक्टरांना काय विचारावे, हे त्यात अवश्य असावे; आम्हाला ते विचारायचे सुचले नव्हते.

आपली नम्र,
एक वाचक