न फुलणाऱ्या ‘व्हिपिंग क्रीम’बद्दल तक्रार

प्रति,
उत्पादन व्यवस्थापक आणि ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या हिरव्या झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या व्हिपिंग क्रीमबद्दल लिहितो आहे. फोनवर आता एक शब्दही बोलायचा नाही, म्हणून लेखी. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच. दर वेळी तो सांगूनही मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलंत, ते इथे पुन्हा करणार नाही.

क्रीम फुलत नाही. आणि ते का फुलत नाही हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं, कारण त्यातलं फॅट तुम्हीच कमी केलंत. जुन्या पॅकवर १०० मिलीमागे ३५ ग्रॅम फॅट छापलेलं आहे, नव्यावर २५ ग्रॅम. दोन्ही रिकामे पॅक माझ्यासमोर टेबलावर आहेत. नाव तेच, झाकण तेच, केकवर ताठ उभ्या असलेल्या क्रीमचा फोटोही तोच. बदलला तो एक आकडा, आणि तो कुठे? मागच्या बाजूला, चिकटवलेल्या घडीच्या आत. घडी नखाने उचकटल्याशिवाय वाचता येत नाही. बाजूच्या कृतीत मात्र अजूनही ‘दुप्पट होईपर्यंत फेटा’ असंच छापलेलं आहे.

क्रीम फेटताना त्यात हवा शिरते, आणि फॅटचे कण एकमेकांना अर्धवट चिकटून त्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. क्रीम उभं राहतं ते त्या जाळ्यावर. साधारण ३० टक्क्यांच्या खाली फॅट गेलं की जाळं धरायला कणच पुरत नाहीत. क्रीम गार असावं लागतं तेही ह्याचसाठी, गारव्यात फॅट घट्ट राहतं म्हणून. हे मी तुम्हाला सांगायचं, की तुम्ही मला?

तरीही तुमचा प्रत्येक माणूस मला एकच सांगत राहिला: ‘थंड करा.’ क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये होतं. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या फ्रीझरमध्ये होत्या. पिठीसाखर मी शेवटी घालतो, तिथपर्यंत तर गोष्ट पोहोचलीच नाही. वर मोठे मोठे बुडबुडे येतात, बीटर थांबवला की एकेक करून फुटतात. बीटर उचलला की क्रीमची धार लागते आणि भांड्यात त्या धारेची खूणसुद्धा राहत नाही. पळीवाढं ते पळीवाढंच. चांगलं क्रीम जास्त फेटलं तर रवाळ होतं, मग लोणी सुटतं. ह्याचं तेही झालं नाही. त्याच संध्याकाळी, त्याच भांड्यात, त्याच बीटरने दुसऱ्या कंपनीचं ३५ टक्क्यांचं क्रीम फेटलं. काही मिनिटांत टोकं उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमध्येही ती तशीच होती.

आता शेवटचा फोन. तो ध्वनिमुद्रित होत असल्याचं सुरुवातीला सांगितलं गेलं, तेव्हा कृपया तो स्वतः ऐका.

तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, “सर, क्रीम थंड केलं होतं का?” हो म्हणालो. “भांडं थंड होतं का?” हो. “बीटर?” तोही. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, घरात मॅडम आहेत का?” मी विचारलं, कशासाठी? “नाही, त्यांना फोन दिलात तर मी त्यांना पद्धत समजावून सांगतो.” मी सांगितलं, आमच्या घरात केक मी करतो, क्रीम मी फेटतो, गेली कित्येक वर्षं मीच फेटतो. त्यावर तो म्हणतो, “तरी पण सर, एकदा त्यांना करून बघू दे. बायकांना हाताचा अंदाज असतो.”

मी शांत राहिलो. म्हटलं, तुमच्यासमोरच्या माहितीत फॅट किती आहे ते वाचून दाखवा. बराच वेळ टाइप केल्याचा आवाज. मग, “सर, पॅकवरचा फोटो फक्त सजावटीची कल्पना देण्यासाठी असतो.” मी फोटोबद्दल विचारलंच नव्हतं! फॅटचा आकडा पुन्हा विचारला, तर म्हणाला जिलेटिन घालून बघा. अहो, जिलेटिन फुललेल्या क्रीमला टिकवून धरतं. न फुललेल्यात घातलं तर क्रीम फक्त थिजतं, त्यात हवा भरत नाही. आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचं समाधान झाल्याने ती बंद करण्यात येत आहे.’ कुणाचं समाधान झालं?

बायकांना अंदाज असतो म्हणे. माझ्या बायकोने फेटलं असतं तर २५ चे ३५ झाले असते का? आणि तिनेच फोन केला असता, तर तिला काय सांगितलं असतंत? तुमचा हात चुकतोय, एवढंच ना?

सगळ्यात राग मला ह्याचा आला आहे. माझी मुलगी सध्या क्रीम फेटायला शिकते आहे. पहिल्या पॅकला बीटर तिच्या हातात होता. ती रडवेली झाली, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून. भांडं पुसून पुसून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवत राहिली. अशी किती माणसं आत्ता स्वतःच्या हाताला दोष देत, तुमच्या सल्ल्याने भांडी गार करत बसली असतील? तुमच्याच जुन्या क्रीमवर मी शिकलो. बीटर जरा आधी थांबवून शेवटचे दोन हात व्हिस्कने मारायचे, हे मला त्याच क्रीमने शिकवलं. दुसऱ्या कुणाचं घ्यायची कधी गरजच पडली नव्हती. म्हणून हे पत्र एवढं लांबलं आहे.

२५ टक्क्यांचं क्रीम विका, सूपमध्ये, सॉसमध्ये ते छानच लागतं. पण त्याला व्हिपिंग क्रीम म्हणू नका. फोटो काढा, ‘दुप्पट’ हा शब्द काढा, आणि फॅटचा आकडा समोर, नावाखाली, वाचता येईल अशा अक्षरात छापा. माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. आकडा का बदलला आणि तो घडीत का छापला, ह्याचं लेखी उत्तर मला १५ दिवसांत हवं आहे. पैसे परत करून विषय मिटवू नका, मी पैसे मागितलेले नाहीत. उत्तर आलं नाही तर दोन्ही पॅक, तुमचा तो मेसेज आणि ह्या पत्राची प्रत घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आणि ह्यावर मला फोन करू नका.

तक्रारदार ग्राहक