महेशला, येळवसेनंतर

मंद्रूप,
रविवार

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

येळवसेच्या सणाला तुम्ही बापलेक भर शेतात, कोपीत पुजलेल्या पांडवांसमोर डाळिंबावरून भांडलात आणि तू न जेवता रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलास. ताईने पोरांना हरभऱ्यात नेलं म्हणून सगळं त्यांच्या कानांवर आलं नाही. आप्पा तेव्हापासून गप्प आहेत. फोन करणार होते, पण फोनवर माझा आवाज भरून येतो आणि तू "बरं आई, बघू" म्हणून विषय संपवतोस. म्हणून लिहायला बसले. बोअरचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तू नोकरी सोडून गावाकडे यायचं म्हणतोस, याचं मला वाईट वाटलेलं नाही. अभिमान वाटतो. सगळ्यांची पोरं इथून जातात, माझं पोर परत येतंय. आप्पांच्याही मनात तेच आहे, फक्त ते तोंडाने म्हणणार नाहीत. तू माती तपासून आणलीस तो कागद त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय. त्या पिशवीत ते उगाच काही ठेवत नाहीत, तुला माहीत आहे.

"शाळू, शाळू, किती दिवस शाळू? जुनं किती कवटाळणार?" असं तू म्हणालास. अरे, मी एवढी वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ज्वारी, म्हणजे आपला शाळूही, मुळात आफ्रिकेतली. डाळिंब इराणकडचं. मिरची, मका, भुईमूग तर अमेरिका खंडातून आले, पोर्तुगीजांच्या काळात. आपल्या ताटातलं बरंचसं कधी ना कधी परकं होतं आणि कुणीतरी ते पहिल्यांदा आपल्या वावरात लावून बघितलं. तेव्हा नवं पीक म्हणून माझी ना नाही. पण त्या माणसाने पहिल्याच वर्षी सगळं रान त्याखाली घातलं नसणार, एवढंच माझं म्हणणं.

पुस्तकात शेतीचे प्रकार वेगवेगळ्या चौकटींत असायचे. स्थलांतरित, उदरनिर्वाहाची, सखोल, विस्तृत, मळ्याची. पोरं घोकून पाठ करायची. आपल्या रानात मात्र हे एकमेकांत मिसळून नांदतात. काळ्या पट्ट्यात शाळू, त्यात करडईच्या ओळी, बांधाला तूर, विहिरीजवळ कांदा-वांगी, गोठ्यात म्हशी. शाळू बसला तर करडई हात देते. दोन्ही बसलं तरी कडबा निघतोच, जनावरं जगतात, दुधाचे पैसे येतात. तुझी फी कितीतरी वर्षं त्या दुधातून गेली.

आणि हे काही अडाणी काम नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ साली झालं. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी त्या कामात आयुष्य घातलं. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणं, रुंद ओळी, वरचेवर कोळपणी. आप्पा आजही हेच करतात. आपली काळी जमीन सप्टेंबरचा पाऊस पोटात धरून ठेवते आणि मालदांडी ज्वारी त्या ओलीवर, वरून थेंब पडला नाही तरी थंडीत कणसाला येते. नोव्हेंबरात जमीन उलायला लागली की आप्पा शेवटचं कोळपं घालतात, भेगा मातीने बुजतात आणि ओल आतच राहते. यंदाचा शाळू तू नीट बघितलाच नाहीस. ताटं आप्पांच्या डोक्यावर गेलीत.

हीच जमीन डाळिंबाला मानवत नाही. पाणी धरून बसते, मुळं कुजतात, मर लागते. त्याला मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी, आपल्या माळासारखी. हे तुला माझ्याहून जास्त कळतं. मग पाचही एकर कशाला? एकरी ३०० झाडं धरली तर १५०० झाडं. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला ४० लिटर धरलं तरी रोजचं ६०,००० लिटर पाणी झालं. एप्रिलमध्ये आपल्या विहिरीचं काय होतं ते तू लहानपणापासून बघतोयस. म्हणूनच तू बोअर म्हणतोस. बघ, आलंच नाव.

मामाचं तुला सांगायला नको. सांगोल्याला त्याची बाग बघायला लोक गाड्या करून यायचे. आधी तेल्या रोग आला, मग पाणी खाली गेलं. एका बोअरचं कर्ज फिटायच्या आत दुसरा. वहिनी अजून त्या रानाकडे जात नाही. त्या वर्षी राखीला आला तेव्हा चांगला हसत होता, ताटात ओवाळणी टाकली, तुझी गाडी चालवून बघितली. एक शब्द बोलला नाही रे. मला त्याचं ते हसणं आठवतं, आणि येळवसेला गाडीत बसताना तूही तसाच हसलास.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहून झालंय, राहू दे.

एका प्रशिक्षणात आम्हाला इनामगावच्या उत्खननाची माहिती दिली होती. घोड नदीकाठी आहे ते. घोड भीमेला मिळते, म्हणजे तेच पाणी पुढे उजनीत येतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक जव पिकवत होते, पाण्याला पाट काढला होता, धान्याचं कोठार होतं. आधी मोठी चौकोनी घरं होती. पुढे पाऊस कमी होत गेला आणि शेवटच्या काळात नुसत्या लहान गोल झोपड्या राहिल्या, मग गावच उठलं. उत्खनन करणाऱ्यांनी असाच अर्थ लावलाय. वर्गात मी हे गोष्टीसारखं रंगवून सांगायचे. आता रात्री जाग आली की तेच आठवतं. आपल्याकडे उजनी झाली १९८० ला, ११७ टीएमसीचं धरण, त्यावर ऊस उभा राहिला, कारखाने आले. तरी सोलापुरात नळाला रोज पाणी नाही.

पुन्हा वर्ग घेतला तुझा. माफ कर.

बहात्तरला मी लहान होते. माझे वडील खडी फोडायला जायचे, येताना सुकडी आणायचे. रेशनला लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा, तो आम्हा पोरांच्या घशाखाली उतरायचा नाही. आमच्या वाड्यात ज्वारी साठवायचं जमिनीखालचं एक पेव होतं. ते उघडलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. वरचा दगड सरकवला तरी लगेच कुणाला उतरू दिलं नाही. आजीने दोरीने कंदील आत सोडला, तो विझला. मग बराच वेळ तोंड उघडं ठेवून थांबायचं, पुन्हा कंदील सोडायचा. तो जळत राहिला तेव्हा कुठे गड्याच्या कमरेला दोर बांधून त्याला आत उतरवलं. ज्वारीला आंबूस वास होता, कडेची तर पार काळपट झाली होती. आजीने ती उन्हात पसरली, निवडली आणि पहिली पाटी शेजारच्या घरी दिली. तिच्या हाताची ती भाकरी... असो. कुठून कुठे गेले.

मुद्द्याचं सांगते. माळावरचा दीड एकर तू घे, आप्पांना मी समजावते. त्याआधी केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन ये. रोगमुक्त रोपं कुठे मिळतात, बहार कोणता धरायचा, ते विचार. विहिरीचा गाळ माझ्या पेन्शनीतून काढू. शेततळं बसतं का बघ. काळा पट्टा आहे तसा राहू दे. पहिलं फळ धरायलाच दोनेक वर्षं जातात, तोवर घर कशावर चालणार याचा हिशोब कागदावर मांडून मला पाठव. अश्विनीला तू विचारलंयस का? ती त्या दिवशी काहीच बोलली नाही, आणि चिनूच्या शाळेचं काय करणार तेही कुणी सांगितलं नाही.

ताईबरोबर हुरडा पाठवतेय, शेंगदाण्याची चटणी त्यातच आहे. आप्पांची बीपीची गोळी इथे मिळत नाही, येताना दोन पाकिटं घेऊन ये. ते तुझ्याशी आधी बोलणार नाहीत, तूच बोल.

आणि बोअरवाल्याला इसार दिला असशील, कुठे सही केली असशील, तर पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. मी रागावणार नाही. किती दिले तेवढं फक्त सांग.

तुझी,
आई