बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सरकारी फोन टॅपिंगबद्दलच्या माझ्या कोर्टातल्या कामावरून परवा फोनवर बाबा म्हणाले, "आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. सरकारनं फोन ऐकला तर ऐकू दे. तू कशाला वाकड्यात शिरतेस?" तेव्हा कोर्टात पुकारा झाला आणि बोलणं राहून गेलं.

बाबा, आपल्या सोलापुरातली सेटलमेंट आठवा, 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायची ती वसाहत. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या त्या माणसांनी काय केलं होतं? १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. मग रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर पडायचं तर पास. गिरणीत राबणाऱ्यांचीही यातून सुटका नव्हती. लपवण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं. तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं, आणि पोलिसांचा संशय त्यानंतरही त्यांची पाठ सोडत नव्हता.

फोन ऐकूच नये, असं मी म्हणत नाही. कुठे घातपात शिजत असेल तर ऐकायलाच हवा. पण आपल्याकडे आदेश काढतो गृहसचिव, आणि तो बरोबर होता का हे तपासते ती समितीही सचिवांचीच. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत.

मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. आरोप होता बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा; आदेशात कारण मात्र सार्वजनिक सुरक्षिततेचं. लाचेच्या एका प्रकरणात जनतेची सुरक्षितता कुठे आली? कोर्टाला ते पटलं नाही. पण त्या माणसाला हे कळलं ते खटला झाला म्हणून. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांनी दाद कुणाकडे मागायची? माझी सगळी धडपड त्यांच्यासाठी आहे.

आई, "यातून मिळतं काय?" असं तू विचारतेस. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं सरकार तिथे सांगत होतं. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं तो हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी बँक खातं आणि सिमकार्डाला आधार जोडायची सक्ती गेली. मला तर हे फार मोठं मिळणं वाटतं.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे काम आहे, तिथून दोन दिवस घरी येते. तोवर आई, कपाटातल्या पिशवीतल्या आधारच्या झेरॉक्स कुणी मागितल्या म्हणून देत जाऊ नकोस. मास्क्ड आधार असतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आल्यावर दोघांचंही काढून देते.

तुमची,
मनू