स्वस्तातला बेस विकायच्या आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की आमच्या चर्चमध्ये गाण्यांचा सराव सुरू होतो आणि माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा दोन घरांतून आला. पोराला बेस गिटार (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) घेऊन दिला, वर्षभरात कंटाळला, बोटं दुखतात म्हणतो. विकून भारीतला घ्यावा का? दोघांनाही मी नको म्हणून सांगितलं. तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण असे कितीतरी बेस घरोघरी कपाटावर धूळ खात पडले असतील.

मी मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं काम करतो आणि रविवारी चर्चमध्ये बेस वाजवतो. माझा बेस सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला, साडेसात हजारांचा. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. घेतला तेव्हा बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, तार लाकडापासून चांगली पाच मिलिमीटर वर होती. पहिल्या फ्रेटवर दाबायला इतका जोर लागायचा की दोन गाण्यांत करंगळी बधिर व्हायची, आणि एवढं दाबून सूर चढाच लागायचा. वर अँपमधून सतत गुणगुण. एका मोठ्या शहरातल्या दुकानात दाखवला, तर हातात न घेताच सांगितलं, "यात पैसे घालू नका, नवीन बघा." दुखरी बोटं घेऊन परत आलो.

गुणगुण माझ्या धंद्यातली, म्हणून ती आधी धरली. साधारणपणे तारांना हात लागला की ही गुणगुण दबते. माझ्या बेसला तारा धरल्या तरी फरक पडेना, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की लगेच शांत. म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या घोडीपर्यंत अर्थिंग पोहोचतच नव्हतं. घोडीचे स्क्रू काढले, तर खालची वायर लाकडातच अडकून राहिलेली, तिचं टोक धातूला टेकलेलंच नाही. टोक सोलून, कल्हई करून घोडीखाली नीट दाबून बसवलं. वीस मिनिटांचं काम. आवाज आणि टोन कमीजास्त करणारे दोन्ही पॉट खरखरत होते, ते काढून 250 किलोओहमचे नवे घातले, टोनचा कपॅसिटर 473 नंबरचा टाकला. सगळे मिळून 120 रुपये, सांगलीत.

तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपला मात्र हात लावला नाही. केसाहून बारीक इनॅमल तारेचे हजारो वेढे, आत चुंबक. हे बघून माझ्यासारख्याचे हात शिवशिवतात. पण मल्टिमीटरवर दहा किलोओहमच्या आसपास रीडिंग आलं, कॉइल धडधाकट होती. चांगली मोटर कुणी उगाच उघडत नाही. नवखी मुलं नेमके पहिल्यांदा पिकअपवरच पैसे घालवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

राहिला तारांचा प्रश्न. मानेचा बाक सरळ करणारा आतला रॉड अॅलन कीने पाव फेरा आवळला, एक रात्र ठेवला, सकाळी परत पाव. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला की मधे तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, इतपत मान सरळ झाली. मग घोडीवरचे स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. तरी पहिल्या फ्रेटवर तेच दुखणं. दोष नटात होता, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्यात. प्लॅस्टिकचा नट, त्याच्या खाचा कारखान्यातून जेमतेम कोरून आलेल्या.

तेव्हा आमच्याच गावातली सतारमेकर मंडळी आठवली. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे वाद्यांचं काम सुरू केलं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तरी गिटार घेऊन तिथे जावं, हे सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

तिथल्या एका सतारमेकर चाचांनी बेस मांडीवर घेतला, नुसत्या नखाने एकेक तार छेडली आणि विचारलं, "जवारी खुली पाहिजे का बंद?" जवारी म्हणजे सतारीच्या तारेची झणझण. म्हटलं, यात जवारी अजिबात नको, तार कुठेही झणझणता कामा नये. "मग तर सोपं." सतारीच्या घोडीसाठी ठेवलेला हाडाचा तुकडा घेतला, कानशीने घासत चार खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेत तार घालायची, पहिल्या फ्रेटकडे डोळा लावून बघायचं, पुन्हा दोनदा कानस फिरवायची. खाचेला मागच्या बाजूने किंचित उतार दिला, म्हणजे तार खुंटीकडे अलगद वळते. मग बाराव्या फ्रेटवर एकदा नुसतं बोट टेकवून, एकदा दाबून ऐकलं; दोन्ही सूर जुळायला हवेत. मी खिशातून ट्यूनर काढतोय तोवर म्हणाले, "दाबल्यावर चढतंय, घोडी मागं घ्या." ट्यूनरनेही तेच दाखवलं. मजुरी घेईनात, बळेच 300 रुपये दिले.

शेवटी नवीन तारा, 1,800 रुपयांच्या, गुळगुळीत फ्लॅटवाउंड. आमच्या गाण्यांना तो गोल, भरीव आवाज शोभतो. असा एकूण खर्च 2,220. आज बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर आहे आणि मी दोन तास न थांबता वाजवतो.

या वाद्याचा पहिला यशस्वी नमुना 1951 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने बाजारात आणला. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मान स्क्रूने जोडलेली, झाकण उघडलं की सगळी वायरिंग समोर. दुरुस्त करता यावं असंच ते बनवलंय. अशी वस्तू न उघडताच टाकाऊ ठरवणं मला सहन होत नाही.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. पाच-दहा हजारांचं वाद्य घेणाऱ्या पोराला ते देण्याआधी अर्धा तास काढून तारा आणि नट तेवढे बघून द्या. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत सतारमेकर कारागिरांच्या गिटार दुरुस्तीवर एकदा जरूर लिहा. चाचांचा मुलगा कुपवाड एमआयडीसीत कामाला जातो. त्याला कानशीचं काम येतं, पण ते करून घ्यायला येणारं कुणी नाही.

त्या दोन मुलांपैकी एकाचा बेस मागच्या शनिवारी उघडला. त्याचीही नटाची खाच उथळच निघाली. येत्या शुक्रवारी नमाजानंतर चाचांनी आम्हाला बोलावलंय.

आपला,
एक वाचक, मिरज