म्हणीतला बैल एकटाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या नातीच्या अभ्यासाच्या पुस्तिकेत ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ या म्हणीचा अर्थ ‘फार शहाणपणा करणाऱ्याचे काम होत नाही’ असा एका ओळीत उरकला आहे. तो चूक म्हणता येणार नाही. पण वर्गात दोनदा ‘असे का?’ विचारले म्हणून तिला हीच म्हण ऐकून घ्यावी लागली, आणि घरी आल्यावर तिने मला विचारले की बैल रिकामा म्हणजे तो आतून पोकळ असतो का. तिला जे सांगितले तेच आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

आमचे घर सांगोला तालुक्यातले, कोरडवाहू शेतीचे. वडिलांकडे एकच खिलार बैल होता आणि भावकीतल्या एका चुलत्यांकडे एक. दोघे सावड करीत, म्हणजे दोन्ही बैल एका जुवाला जुंपून आज त्यांचे रान, उद्या आमचे. हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगे ओले झाले, की ज्वारी पेरायला मोजकेच दिवस हाती असत, कारण वरची ओल उडाल्यावर पाभर (पेरणीचे औत) चालवून उपयोग नसे. वस्तीवरच्या एका गृहस्थाने एका वर्षी हिशेब मांडला, की माझा बैल दांडगा, जास्त ओढतो, तेव्हा माझ्या रानात दोन दिवस आणि तुमच्या रानात एक. हिशेबात खोट नव्हती, बैल खरेच दांडगा होता. मात्र त्याच्याशी सावड करायला कोणी पुढे आले नाही, आणि ऐन पेरणीत तो बैल दावणीला कडबा चघळत उभा राहिला. वडिलांनी तिकडे हात करून ही म्हण म्हटलेली मी ऐकली आहे.

तेव्हापासून माझा तर्क असा, की म्हणीत ‘त्याचे बैल रिकामे’ नसून ‘त्याचा बैल रिकामा’ आहे, यालाही अर्थ असावा. जोडी असलेल्याला कोणाची गरज नसते. एकट्या बैलाने औत चालत नाही. काहीजण या म्हणीचा संबंध भाड्याच्या बैलाशी जोडतील, तोही जुळतो. दोन्हीकडे ‘अति’चा रोख आपलाच फायदा ताणण्यावर आहे. शंका विचारणाऱ्या मुलीला ती लावणे म्हणजे भलत्याच बैलाला चाबूक.

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे. मुले समजतात की नानांची बुद्धी निम्मी होती. वास्तविक नाना मुत्सद्दी असले तरी तलवारबहाद्दर नव्हते, म्हणून ते अर्धे, असे सांगण्याची पद्धत आहे. विठ्ठल सुंदर तर 1763 साली राक्षसभुवनच्या रणांगणावरच पडले. त्या मोजमापात शहाणपणाला कर्तबगारीही लागत होती. (आज ‘दीड शहाणा’ म्हटले की ती सरळ शिवीच होते, हा आणखी निराळा हिशेब.)

आपल्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला एकच म्हण, पण ती कोणी, कोणत्या प्रसंगी वापरलेली ऐकली त्या हकिकतीसह छापावी, अशी विनंती आहे. सावडीला आपापल्या भागात काय म्हणत, हेही वाचकांनी कळवल्यास नातीच्या वहीत नोंदवून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सोलापूर