झूलच्या माइस्टरना, उशिरा का होईना

आदरणीय माइस्टर यांना,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनच मी मराठीत लिहिते आहे. जर्मनमध्ये लिहिलं असतं, तर तुम्ही आधी व्याकरणाच्या चुका काढल्या असत्या आणि आभाराचा भाग आला की चष्मा पुसायला घेतला असता. मराठीत निदान मला मनातलं नीट सांगता येतं. पुढच्या वेळी आले की समोर बसून मीच तुम्हाला याचं जर्मन करून सांगेन. तेव्हा मात्र चष्मा पुसायचा नाही.

मराठी वाचणाऱ्यांसाठी दोन खुलासे. माइस्टर म्हणजे उस्ताद, आणि हे उस्ताद बंदुकांचे कारागीर आहेत. झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती नव्हे. थुरिंगियाच्या जंगलाच्या दक्षिण उतारावरचं हे छोटंसं शहर. इथे शतकानुशतकं बंदुका घडल्या. बाजारचौकातल्या कारंजावर पुतळा आहे तोसुद्धा शस्त्रं घडवणाऱ्या लोहाराचा. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले, आणि बंदुकांशी माझा संबंध तोवर खंडेनवमीच्या पूजेपुरता होता. तीही आमच्या घरी विळा, कोयता आणि वडिलांच्या पान्यांची.

सासरे गेले तेव्हा त्यांच्या लोखंडी कपाटात तीन जुन्या शिकारी रायफली निघाल्या. नवऱ्याकडे शिकारीचा परवाना आहे. त्या परीक्षेला इथे गमतीने ‘हिरवी बारावी’ म्हणतात, आणि ती खरोखरच आपल्या बारावीइतकी घाम फोडते. त्यामुळे रायफली रीतसर त्याच्या नावावर झाल्या. त्यांतल्या सगळ्यात देखण्या रायफलीबद्दल घरात एक कथा होती: माऊझर कंपनीच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातली अस्सल ‘माऊझर 98’, कुण्या ड्यूकसाठी खास बनवलेली. नळीवर सोन्याच्या अक्षरांत लाइप्झिगच्या एका दुकानाचं नाव, चापाभोवती शिंगाची कमान, बोल्टची, म्हणजे मागे-पुढे ओढून काडतूस आत घालायच्या दांड्याची, मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी. ड्यूकची म्हणायला काहीच हरकत नव्हती.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बोटांना चिंचेचा वास होता, आठवतंय? मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की बोल्टच्या मुठीवरचा गंज चिंच आणि मीठ लावून अर्धा उतरवलाय, आमच्याकडे तांब्याचा बंब असाच लखलखीत करतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. शांतपणे आतल्या खोलीत गेलात, एक मऊ फडकं आणि तेलाची बाटली घेऊन आलात आणि मी घासलेला तेवढाच भाग बराच वेळ पुसत बसलात. मूल पडल्यावर आई गुडघा पुसते तसे. पोलादावरचा तो तपकिरी-करडा रंग म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे, आणि एकदा घासून काढलेलं वय परत चढवता येत नाही, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. ती मूठ आजही एका बाजूने जरा जास्तच चमकते.

मग तुम्ही ओबर्नडॉर्फची कथा दोन मिनिटांत मोडीत काढलीत, तेही मला बोलून नव्हे, दाखवून. बोल्ट मागे ओढलात आणि त्याची मूठ कुठून जाते ते बघ म्हणालात. माऊझर 98 मध्ये मागचा पूल, म्हणजे बोल्टवरून जाणारी पोलादी कमान, सलग असतो आणि मूठ त्याच्या मागे खाली बसते. आमच्या रायफलीचा पूल मधोमध चिरलेला होता, मूठ त्या फटीतून पुढे सरकत होती. बोल्टच्या अंगाला चिकटलेली 98 ची ती लांब पट्टी, काडतूस नखासारखं पकडून बाहेर खेचणारी, तीही नव्हती. शेवटी बोल्ट बाहेर काढून त्याचं डोकं वेगळं करून माझ्या तळहातावर ठेवलंत. 98 चा बोल्ट आणि त्याचं डोकं एकसंध असतं. म्हणजे ही 1888 च्या ‘कमिशन’ रायफलीच्या घराण्यातली. जर्मन लष्कराच्या समितीने ठरवलेली ती रचना, आणि तिच्यात पॉल माऊझरचा हात नव्हता. झूलमधले हेनेल आणि शिलिंग हे कारखानदार ती लष्करासाठी बनवत, आणि त्याच यंत्रणेवर शिकारी रायफली बांधायची इथे पद्धतच पडली होती.

चापाच्या पुढे पोटासारखी फुगलेली पेटी आणि तिच्या तळाला भोक. सासऱ्यांचा समज होता की तिथलं झाकण हरवलंय. तुम्ही हसलात. पाच काडतुसं पत्र्याच्या एका चिमट्यासकट वरून आत ढकलायची, आणि शेवटचं काडतूस नळीत गेलं की रिकामा चिमटा त्याच भोकातून खाली पडतो. म्हणजे हरवलं होतं ते झाकण नव्हे, चिमटा. त्याच्याशिवाय ही पाचबारी रायफल एकबारीच. सासरे वीस-बावीस वर्षं एकेक काडतूस हाताने भरत होते आणि वरून जर्मन कारागिरीला नावं ठेवत होते. देव त्यांना सद्गती देवो.

पण मला खरा नाद लागला तो तुम्ही लाकूड उतरवलंत तेव्हा. आधी तुम्ही तुमच्या खणातले चाळीसेक पेचकस पुढ्यात मांडलेत. प्रत्येकाचं पातं वेगवेगळ्या जाडीचं, काही तुम्ही स्वतः कानस मारून बसवलेले. स्क्रूच्या खाचेत पातं तंतोतंत बसेपर्यंत हात लावायचा नाही, हा तुमचा पहिला नियम. एखाद्या जुन्या बंदुकीच्या स्क्रूंची डोकी विद्रूप झालेली दिसली की आधी कुणीतरी घाईत आत डोकावून गेलंय हे ओळखायचं, हा दुसरा. नळी दस्त्यातून वेगळी झाली आणि तिच्या पोटावर, जिथे कधी ऊन लागलं नव्हतं तिथे, बारीक ठशांची एक अख्खी ओळ होती. सोन्याचं नाव वर, सगळ्यांना दिसेल असं. ते विकणाऱ्याचं. घडवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी मात्र आपल्या खुणा लाकडाखाली ठेवल्या होत्या.

मुकुटाखाली ‘बी’, मुकुटाखाली ‘यू’, मुकुटाखाली ‘जी’. जास्तीची दारू भरून चाचणीबार केला, मग तपासणी झाली, नळी आटेदार आहे, असा त्यांचा अर्थ. बंदुका तपासून असे ठसे मारायचा हा कायदा 1891 चा आणि लागू झाला 1 एप्रिल 1893 पासून, म्हणजे आमची रायफल त्याआधीची नाही. मी लगेच विचारलं होतं की मुकुट आहे तर मग 1918 च्या, कैसर गेला त्याच्या, आधीचीच ना? तुम्ही मान हलवलीत. कैसर गेला, पण ठसे तसेच राहिले. नवा कायदा 1939 मध्ये आला, तोवर प्रजासत्ताकातल्या आणि नंतर हिटलरच्या काळातल्या नळ्यांवरही मुकुटच उमटत होता. सरकारी कामाचा हा वेग मला फार ओळखीचा वाटला.

शेजारी आकडा होता 172.28. मला वाटलं क्रमांक असेल. तुम्ही फक्त इतकंच सांगितलंत की एका इंग्रजी पौंड शिशाच्या इतक्या सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी केवढी होईल ते काढून आण. त्या रात्री ओट्याशी उभी राहून मी पावाच्या कागदी पिशवीवर गणित मांडलं. 453.6 ग्रॅमला 172.28 ने भागलं, शिशाची घनता घेतली, घनमूळ काढलं. आलं 7.6 मिलिमीटर. शाळा सुटल्यावर घनमूळ पहिल्यांदाच कामी आलं! दुसऱ्या दिवशी धावत आले आणि विचारलं, रायफल आठ मिलिमीटरची म्हणतात, मग हे कमी कसं? ते नळीचं नेमकं माप नव्हे, तपासनिसाच्या हातातली जी मापकांडी आत गेली तिचं माप आहे, असं तुम्ही सांगितलंत. ही गेली, तिच्यापुढची 156.14 ची अडकली, म्हणून ही नोंदली. मिलिमीटरमध्ये लिहायची रीत 1912 च्या सुमारास आली, म्हणजे आमची त्याआधीची. एका बाजूला 1893, दुसऱ्या बाजूला 1912. ड्यूक गेला, पण रायफलीला वय मिळालं.

त्यापुढची ओळ 2.67 ग्रॅम दारू आणि पोलादी आवरणाची गोळी असं सांगत होती, आणि तिथे तुमचा चेहरा गंभीर झाला. काडतुसं कोणती वापरता, असं तुम्ही नवऱ्याला विचारलंत. सासऱ्यांच्या खणात एक डबी होती, तीच आम्ही घेऊन आलो होतो. डबीवर 8×57 आयएस. तुम्ही ती उचललीत आणि थेट तुमच्या मागच्या फळीवर ठेवलीत.

हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण कुणाकडे अशी रायफल असलीच तर उपयोगी पडेल. 1888 च्या काडतुसाची गोळी सुमारे 8.1 मिलिमीटरची. 1905 मध्ये लष्कराने टोकदार गोळी आणली, तिची जाडी सुमारे 8.2, तीच डबीवरची ‘आयएस’. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पण पितळी कवच दोन्हींचं सारखंच, त्यामुळे नवीन काडतूस जुन्या नळीत काही तक्रार न करता बसतं. तक्रार होते ती चाप ओढल्यावर, आणि तेव्हा माणसाचा गाल बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो. जुन्या मापाला ‘आय’ हे अक्षर, इन्फंट्री म्हणजे पायदळावरून. जुन्या जर्मन वळणात मोठा ‘आय’ आणि मोठा ‘जे’ सारखेच दिसतात, म्हणून निम्मं जग त्याला ‘जे’ म्हणतं. आपल्याकडे जुन्या छपाईतला ‘अ’ बघून आजची पोरं गोंधळतात, तसंच. फक्त ‘अ’ चुकला तर कुणाचा डोळा जात नाही.

तुम्ही नुसत्या ठशांवर विश्वास ठेवला नाहीत. दरम्यान कुणी नळी बदलली किंवा आतून मोठी केली असली तर, म्हणालात. शिशाची मऊ गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ढकललीत, आट्यांच्या खुणा उमटलेली ती गोळी मायक्रोमीटरमध्ये धरलीत आणि आकडा मला वाचायला लावलात. जुनंच माप निघालं. ती शिशाची गोळी मी मागून घेतली होती. देव्हाऱ्यात ठेवलेली नाही, पण देव्हाऱ्याच्याच कपाटात आहे.

सासऱ्यांनी त्या डबीतली किती काडतुसं उडवली होती, कोण जाणे. वीसच्या डबीत सतरा उरली होती. त्या रात्री नवरा बराच वेळ बाल्कनीत उभा होता.

बाकी दोन रायफलींचं थोडक्यात. एकीवर गावाचं नाव नुसतं ‘मेहलिस’ होतं. त्सेला आणि मेहलिस ही गावं 1919 मध्ये एक झाली, तेव्हा जोडनाव नसलेली ती त्याआधीची, हे मी तुमच्या मदतीशिवाय ओळखलं आणि तुम्ही मला पहिल्यांदा कॉफी दिलीत. दुसरीचा दस्ता मधून कापून पुन्हा जोडलेला. आम्हाला तो कुणा अडाणी सुताराचा उद्योग वाटला होता. 1945 मध्ये अमेरिकन सैनिकांनी कितीतरी रायफली आठवण म्हणून घरी नेल्या आणि पिशवीत मावाव्यात म्हणून दस्ते असे करवतले, हे तुमच्याकडून कळलं. आमची कापली गेली, पण गेली नाही. का राहिली, यावर आम्ही जेवताना रोज नवी कथा रचतो. तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही पुरावा मागाल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये कॉर्बेटना भेट मिळालेली .275 रिग्बी आमच्याकडे शिकारकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि मी ती अस्सल विलायती समजत होते. तिची यंत्रणा माऊझरची आणि काडतूस म्हणजे जर्मन 7×57 च. म्हणजे लहानपणापासून माझी एका ओबर्नडॉर्फवाल्या रायफलीशी ओळख होती, फक्त मी वरचं नाव वाचत होते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. शिशाच्या गोळीचे तेवढे घ्या म्हटलं, तर जुन्या खोक्यातला एक चिमटा काढून हातात ठेवलात, आमच्या रायफलीत बसणारा. रायफल आता भिंतीशी कपाटात असते, रिकामी. आम्ही तिच्यातून एकही बार काढलेला नाही. कधीतरी तुमच्या देखत, तुम्ही सांगाल त्या काडतुसाने, पाच भरून पाहू, तो चिमटा खालून पडताना सासूबाईंना बघायचाय.

खंडेनवमीला मी तिन्हींना झेंडूचं फूल वाहिलं. ओल्या देठाने गंज धरेल म्हणून खाली फडकं घातलं होतं. हळद-कुंकू लावलं नाही. तुम्ही नसतात, तर नक्की लावलं असतं.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
चिंचवाली